ईआर, पीआर, हर-टू: निकाल काचेवर दिसतो, पण ठरतो डबीत

स्तनातली गाठ कर्करोगाची आहे एवढं कळल्यावर लगेच उपचार ठरत नाहीत. त्या गाठीच्या पेशींमध्ये तीन प्रथिनं आहेत का आणि किती आहेत, हे आधी बघावं लागतं. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि तिसरं हर-टू. पहिली दोन पेशीच्या केंद्रकात असतात आणि शरीरातल्या संप्रेरकांचा निरोप घेऊन पेशीला वाढायला लावतात. हर-टू पेशीच्या बाहेरच्या कडेवर बसतं. ते गरजेपेक्षा फार जास्त झालं की पेशी वेगानं वाढत सुटते.

ईआर पॉझिटिव्ह आला की टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची गोळी सुरू होते आणि ती किमान पाच वर्षं चालते. हर-टू पॉझिटिव्ह आला की १९९८ पासून वापरात असलेलं ट्रास्टुझुमॅब दिलं जातं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात ते साधारण दर तीन आठवड्यांनी, वर्षभर चालतं आणि मधूनमधून हृदयाचा टू-डी इको करावा लागतो. तिन्ही निगेटिव्ह आले तर आजाराला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि मग मुख्य भिस्त केमोवर राहते. म्हणजे चुकीचा ‘निगेटिव्ह’ एखाद्या बाईच्या हातून स्वस्त आणि परिणामकारक गोळी काढून घेतो. चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ तिला वर्षभर महागडं इंजेक्शन आणि हृदयावरचा ताण देतो, तेही काही उपयोग नसताना.

अहवाल चुकला तर तो वाचणाऱ्या डॉक्टरकडून चुकला, असं लोक धरून चालतात. पण बहुतेक वेळा बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. गाठीचा तुकडा बाहेर आल्यापासून रंगाच्या यंत्रात जाईपर्यंत त्याचं काय झालं, त्यावर निकाल ठरतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड प्रांतात हे फार मोठी किंमत मोजून कळलं. तिथे २००५ मध्ये एका रुग्णाची जुनी निगेटिव्ह ईआर तपासणी नव्या यंत्रावर पुन्हा केली आणि ती पॉझिटिव्ह आली. मग १९९७ ते २००५ मधल्या जुन्या तपासण्या उघडल्या गेल्या. जवळपास ४०० रुग्णांचे अहवाल चुकीचे निघाले आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या प्रयोगशाळेतही सूक्ष्मदर्शक होता, तज्ज्ञ होते. नमुना नीट टिकवण्याची आणि रोजच्या रोज पडताळणी करण्याची शिस्त कमी पडली होती.

पहिला तास

समजा नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात दुपारी चार वाजता ट्रूकट बायोप्सी झाली, म्हणजे जाड पोकळ सुईनं गाठीचे तुकडे काढले. सुई बहुधा १४ गेजची असते आणि तिच्यातून शेवईसारखे बारीक तुकडे निघतात. असे किमान तीन-चार तुकडे हवेत, कारण एखादा नुसत्या चरबीतून आलेला असतो. सुई बाहेर आली त्या क्षणी तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. पेशी मात्र लगेच मरत नाहीत, त्यांची स्वतःची पाचकद्रव्यं आतूनच त्यांना खाऊ लागतात. तेव्हापासून तुकडा फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात पडेपर्यंतचा वेळ एका तासाच्या आत असला पाहिजे. उशीर झाला तर ईआर-पीआरचा रंग फिका पडतो, पीआरला हा फटका विशेष बसतो, आणि पुढे फिश या जनुक मोजणाऱ्या तपासणीतले ठिपकेही पुसट होतात. नवतप्यात, पारा ४५ अंशांवर असताना, फॉर्मेलिनशिवाय ओल्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा दुचाकीच्या डिक्कीत ठेवून अर्धं नागपूर पार करणं म्हणजे तपासणी तिथेच गमावणं. प्रयोगशाळेकडून डबी यायची वाट बघत बसायचं नाही. भरलेली डबी बायोप्सीच्या टेबलावर आधीपासून असली पाहिजे.

डबीत काय आहे, हेही तेवढंच महत्त्वाचं. हवं असतं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन. इथल्या ‘१० टक्के’ या आकड्यानं अनेकांचा गोंधळ होतो. बाजारातल्या ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घ्यायचे, म्हणजे प्रत्यक्षात फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्केच उरतं. एक लिटर करायचं तर १०० मिली फॉर्मल्डिहाइड, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पीएच ७ च्या आसपास आला पाहिजे. बफर घातला नाही तर फॉर्मल्डिहाइडचं हळूहळू फॉर्मिक आम्ल होतं आणि ते प्रथिनं आणि डीएनए दोन्हींची नासाडी करतं. नळाचं पाणी आणि अंदाजपंचे प्रमाण वापरून केलेल्या फॉर्मेलिनवर भरवसा ठेवू नये. तीव्र फॉर्मल्डिहाइडच्या बाटलीत डिसेंबरच्या थंडीत तळाशी पांढरा साका बसलेला दिसला, तर त्यातलं काही द्रव्य घट्ट होऊन खाली गेलेलं असतं, म्हणजे वरचं द्रावण सांगितलं त्यापेक्षा पातळ झालेलं असतं. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा टिकत नाही. स्पिरिटमधला टिकल्यासारखा दिसतो, पण त्यावर हर-टूचा रंग वेगळाच उमटतो आणि ठरलेले निकष त्याला लागू पडत नाहीत.

द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवं. चार शेवयांसाठी ही अडचण नाही. अडचण येते ती अख्खा स्तन काढल्यावर. ८०० ग्रॅमचा नमुना लहान बादलीत कोंबला आणि वर दोन लिटर फॉर्मेलिन ओतलं, तर बाहेरची कड टिकते आणि मधली गाठ सडते. फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं आणि चरबीतून तर त्याहून हळू. म्हणून नमुना आल्या आल्या गाठीतून ५ ते १० मिलिमीटर जाडीचे काप द्यायचे आणि कापांच्या मध्ये फॉर्मेलिनमध्ये भिजवलेलं गॉज सरकवायचं. कापण्याआधी कडा शाईनं रंगवाव्या लागतात, नाहीतर गाठ कडेपर्यंत पोचली होती का, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून हे काम पॅथॉलॉजी विभागातच झालेलं बरं. शस्त्रक्रिया छोट्या दवाखान्यात असेल तर नमुना लगोलग पोचवायची सोय आधी ठरवून घ्यावी. निवड हातात असेल तेव्हा ईआर, पीआर, हर-टू या तिन्ही तपासण्या सुईच्या तुकड्यांवरच करून घ्याव्यात. ते लहान असल्यानं झटपट आणि सारखे टिकतात. शिवाय आधी केमो द्यायचा असेल तर नंतर गाठच विरघळलेली असू शकते, मग तपासायला काही उरत नाही.

सहा ते बहात्तर

फॉर्मेलिनमध्ये तुकडा किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. शेवईएवढ्या तुकड्यात फॉर्मेलिन तासाभरात आरपार जातं, मग सहा तास कशाला, असा प्रश्न रास्त आहे. फॉर्मेलिन आत पोचणं वेगळं आणि त्यानं प्रथिनांना एकमेकांशी बांधून जागच्या जागी धरणं वेगळं. पहिलं लवकर होतं, दुसऱ्याला तास लागतात. चारला आलेला तुकडा पाचला प्रोसेसिंगच्या, म्हणजे पाणी काढून मेण भरायच्या, यंत्रात टाकला, तर न बांधलेली प्रथिनं यंत्रातल्या अल्कोहोलमध्ये आखडतात. ईआर खोटा निगेटिव्ह येण्याचं हे एक नेहमीचं कारण. म्हणून घरच्यांनी ‘उद्या सकाळीच रिपोर्ट द्या’ असा आग्रह धरू नये आणि प्रयोगशाळेनंही त्याला मान तुकवू नये. चिंता समजते, पण हे सहा तास रुग्णाच्याच भल्याचे असतात.

दुसरं टोक बाहेरगावच्या नमुन्यांचं. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून किंवा छिंदवाडा-बालाघाटहून नमुने नागपुरात येतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला डबीत पडलेल्या तुकड्याचे ७२ तास सोमवारी संध्याकाळी सहाला भरतात. त्यात पोळा, तान्हा पोळा आणि मारबत लागून आले की मुदत सहज उलटते. थोडं जास्त फॉर्मेलिन लागणं थोडं कमी लागण्यापेक्षा कमी घातक, कारण पुढे उष्णता देऊन बांधणी बरीच सोडवता येते. तरीही निगेटिव्ह निकालाबरोबर ‘७२ तासांपेक्षा जास्त’ असं लिहिलं गेलं पाहिजे. त्यासाठी डबीवर दोन वेळा हव्यात: तुकडा काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची. नाव, वय, बाजू सगळं असतं आणि नेमक्या या दोन वेळाच कोऱ्या राहतात.

मेणाचा ब्लॉक, मग काच

यानंतर तुकड्यातलं पाणी चढत्या अल्कोहोलनं काढतात, अल्कोहोल झायलिननं काढतात आणि त्या जागी ५८ ते ६० अंशांचं वितळलेलं मेण भरतात. हाच ब्लॉक. मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर त्याचे ३ ते ४ मायक्रॉनचे काप निघतात, ते कोमट पाण्यावर तरंगवून धनभारित काचेवर उचलतात. साध्या काचेवर घेतलेला चरबीवाला स्तनाचा काप पुढे उकळताना सुटून जातो. उन्हाळ्यात मायक्रोटोम कूलरच्या झोतात असेल तर कापांची रिबन उडते आणि ब्लॉक मऊ पडून काप जाड येतात. ब्लॉक बर्फावर गार करून घ्यायचा आणि कूलरची दिशा बदलायची. कापलेल्या काचा सहा आठवड्यांच्या आत रंगवाव्यात. ब्लॉक वर्षानुवर्षं चालतो, पण कापलेल्या काचेवरची प्रथिनं हवेनं क्षीण होत जातात.

रंग कसा चढतो

या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, बोलताना आयएचसी. कल्पना सोपी आहे. ईआरलाच चिकटेल अशी एक अँटिबॉडी सोडायची, तिला चिकटेल असं एन्झाइम लावलेलं पॉलिमर सोडायचं आणि मग डॅब नावाचं रसायन घालायचं. जिथे एन्झाइम, तिथे तपकिरी रंग. बाकीची केंद्रकं हिमॅटॉक्सिलिननं निळी.

हातानं करायचं तर काच ६० अंशांवर तासभर भाजतात, झायलिन-अल्कोहोलनं मेण काढून पाण्यावर आणतात. मग येते सर्वांत नाजूक पायरी. फॉर्मेलिननं बांधलेली प्रथिनं थोडी मोकळी करावी लागतात, नाहीतर अँटिबॉडीला आपली जागाच सापडत नाही. त्यासाठी पीएच ६ चा सिट्रेट किंवा पीएच ९ चा ट्रिस-ईडीटीए बफर घेऊन काचा ९५ ते ९८ अंशांवर साधारण २० मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी प्रेशर कुकर वापरतात, तेव्हा वेळ कमी लागतो. कोणता बफर आणि किती मिनिटं, हे अँटिबॉडीच्या क्लोनवर, म्हणजे तिच्या नेमक्या वाणावर, ठरतं. ईआरसाठी एसपी-१ किंवा ६एफ११, हर-टूसाठी ४बी५ हे बरेच वापरातले क्लोन. बाटली बदलली तर सगळी पद्धत पुन्हा पडताळून घ्यावी लागते, जुनी मिनिटं तशीच चालवता येत नाहीत. उकळल्यावर काचा बफरमध्येच २० मिनिटं गार होऊ द्यायच्या. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, म्हणजे ऊतींमधलं मूळचं एन्झाइम थंड पडतं. त्यानंतर मुख्य अँटिबॉडी ३० ते ६० मिनिटं, पॉलिमर साधारण ३० मिनिटं, डॅब ५ ते १० मिनिटं. प्रत्येक टप्प्यानंतर बफरनं धुणं.

यात नागपूरच्या मे महिन्याचा खरा शत्रू म्हणजे कोरडी हवा. अँटिबॉडीचा थेंब काचेवर असताना कडेनं वाळला की तिथे गडद तपकिरी पट्टा उमटतो आणि तो पॉझिटिव्हसारखा दिसतो. तळाशी ओला टिपकागद घातलेल्या बंद ट्रेमध्येच काचा ठेवायच्या आणि कापाच्या कडेवरचा रंग मोजायचा नाही. यंत्रावर करणाऱ्यांनाही सुटका नाही. वीज गेली आणि यूपीएसनं दगा दिला तर मध्येच थांबलेली खेप पुढे ढकलायची नसते, ती टाकून नव्या काचा घ्यायच्या. डॅबचा कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय आहे, त्यामुळे हातमोजे काढून ते हाताळू नये आणि बेसिनमध्येही ओतू नये.

प्रत्येक खेपेत कंट्रोलची, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेली, काच हवी. ईआरसाठी टॉन्सिल किंवा गर्भाशयमुखाचा तुकडा, हर-टूसाठी निगेटिव्हपासून ३+ पर्यंतच्या वेगवेगळ्या पातळ्या. त्याहून प्रामाणिक साक्षीदार रुग्णाच्याच काचेवर असतो: गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिका. त्यांतल्या काही पेशी ईआरला रंगल्याच पाहिजेत. गाठ कोरी आणि नलिकाही कोऱ्या, तर तो ‘निगेटिव्ह’ नाही, ती फसलेली तपासणी आहे.

आकडे कसे वाचायचे

ईआर-पीआरला केंद्रक तपकिरी हवं. आक्रमक, म्हणजे नलिकेबाहेर पसरलेल्या, गाठीच्या किमान १ टक्का पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह. ही सीमा २०१० मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून ठरवली. २०२० च्या सुधारणेत १ ते १० टक्क्यांना ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नाव मिळालं, कारण या गटाला गोळीचा फायदा किती, याचा पुरावा कमी आहे. अहवालात ऑलरेड स्कोअर असला तर तो ० ते ८ असतो: किती पेशी रंगल्या याचे ० ते ५ आणि रंग किती गडद याचे ० ते ३. बेरीज ३ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. नुसतं ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेला अहवाल अपुरा समजावा. टक्के आणि गडदपणा दोन्ही हवेत.

हर-टूला पेशीची कड बघायची असते. १० टक्क्यांहून जास्त पेशींची कड पूर्ण आणि ठळक रंगली तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. कड पूर्ण पण रंग फिका ते मध्यम, तर २+, म्हणजे अनिर्णीत. अर्धवट आणि जेमतेम दिसणारा रंग १+, त्याहून कमी ०. ३+ कमी भिंगातूनही लगेच डोळ्यात भरतो. १+ आणि ० मधला फरक ओळखायला ४० च्या भिंगापर्यंत जावं लागतं. पूर्वी हे दोन्ही निगेटिव्हच असल्यानं त्यावर कोणी फार वेळ घालवत नसे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे औषध पसरलेल्या आजारातल्या ‘हर-टू लो’ गटालाही, म्हणजे १+ किंवा फिश निगेटिव्ह असलेल्या २+ ला, उपयोगी पडतं असं दिसलं आणि तो बारीकसा फरक मोलाचा झाला.

एक चूक वारंवार होते. नलिकेतच अडकलेला, बाहेर न पसरलेला कर्करोग त्याच काचेवर असतो आणि तो पुष्कळदा हर-टूला झगझगीत रंगतो. तो मोजायचा नाही. फक्त आक्रमक भाग मोजायचा.

२+ आला की फिश

फिशमध्ये प्रथिनाऐवजी त्याचा जनुक मोजतात. हर-टूचा जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतो. त्याला लाल-केशरी चमकणारा प्रोब, म्हणजे नेमका तिथेच चिकटणारा डीएनएचा तुकडा, लावतात आणि त्याच गुणसूत्राच्या मध्याला हिरवा. काच एन्झाइमनं थोडी पचवतात, उष्णता देऊन डीएनएचे दोन धागे सुटे करतात, प्रोब घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत किमान २० केंद्रकांतले ठिपके मोजतात.

हिशेब असा. २० पेशींत लाल ठिपके १३२, हिरवे ४४. गुणोत्तर ३.०, पेशीमागे लाल सरासरी ६.६. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि सरासरी ४ किंवा जास्त, म्हणून पॉझिटिव्ह. दुसरी गाठ: लाल ४६, हिरवे ३८. गुणोत्तर १.२१, सरासरी २.३, म्हणून निगेटिव्ह. दोन निकष वेगवेगळ्या दिशांना गेले, उदाहरणार्थ गुणोत्तर २ च्या खाली आणि सरासरी ४ ते ६ मध्ये, तर पहिली मोजणी न बघता दुसऱ्या व्यक्तीनं आणखी २० पेशी मोजायच्या आणि आयएचसीच्या काचेशी ताडून निर्णय घ्यायचा. पचन जास्त झालं तर केंद्रकं मधून पोकळ दिसतात, कमी झालं तर हिरवट धुक्यात ठिपके बुडतात. दोन्ही वेळा मोजत बसण्यापेक्षा काच पुन्हा करणं योग्य. हाडातून घेतलेल्या तुकड्याला मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं असेल तर डीएनएच तुटलेला असतो आणि फिश लागत नाही. तिथे आधीच ईडीटीए वापरायला सांगावं.

केआय-६७ हा चौथा आकडा, पेशी किती वेगानं वाढताहेत याचा. ५ टक्क्यांपर्यंत कमी किंवा ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्यावर विसंबता येतं. मधला आकडा दोन प्रयोगशाळांत सहज वेगळा येतो, त्यावरून झोप उडवून घेऊ नये.

शंका कधी घ्यायची

ग्रेड १ ची, म्हणजे सौम्य दिसणाऱ्या पेशींची, गाठ आणि ईआर निगेटिव्ह. लोब्युलर किंवा म्युसिनस प्रकार आणि ईआर निगेटिव्ह. ग्रेड १ आणि हर-टू ३+. ईआर निगेटिव्ह पण पीआर पॉझिटिव्ह. या जोड्या क्वचितच खऱ्या असतात. अशा वेळी तीच तपासणी दुसऱ्या तुकड्यावर किंवा शस्त्रक्रियेच्या नमुन्यावर पुन्हा मागणं हा डॉक्टरवर अविश्वास नाही, चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःहून ते सुचवतात. आजार काही वर्षांनी परतला तर नव्या गाठीची तपासणीही नव्यानं करावी, कारण ईआर आणि हर-टू दोन्ही बदललेले असू शकतात.

नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, तुकडोजी रुग्णालय किंवा जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, तुम्ही कुठेही दाखवायला जा, दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदाबरोबर ब्लॉक लागतो. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून तो मिळतो. घेताना ब्लॉकवरचा नंबर अहवालातल्या नंबराशी जुळवा आणि कोणत्या ब्लॉकमध्ये गाठ जास्त आहे ते विचारून घ्या. ब्लॉक मेणाचा आहे आणि ते मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पुढच्या काचेखाली तेवढी उष्णता सहज होते, म्हणून तो घट्ट डबीत, पिशवीच्या मधोमध, सावलीत न्या, आणि एसटीनं जाणार असाल तर पिशवी मांडीवर ठेवा.